रस्त्यावर काम करणाऱ्याला गाडीनं उडवलं. तो 'कामावर' होता हे दाखवायचं कसं?

पऱ्हाटी (३ ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं कापसाच्या भावावर भांडायला येतो, आज काम वेगळं आहे.

माझा मावसभाऊ, वय ३८, आर्वी तालुक्यातला. पाच एकर कोरडवाहू. पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून झाली की मार्च ते मे डांबराच्या कामावर जातो. हजेरी ४०० रुपये, महिन्याचे बारा हजारांच्या आसपास पडतात. एप्रिलमध्ये खड्डे बुजवायचं काम चालू होतं. सकाळी साडेनऊची वेळ. हा वाकून तारेच्या ब्रशनं खड्ड्यातली धूळ काढत होता, पाठ रस्त्याकडं. संत्र्याचे रिकामे कॅरेट घेऊन परतणारी पिकअप आली आणि याला घेऊन मुरमावर गेली. उजवी मांडी आणि नडगी, दोन्ही मोडल्या. आत रॉड आहेत. चालतो, पण उकिडवं बसता येत नाही. मजुराला उकिडवं बसता आलं नाही तर उरलं काय?

पिकअपवाला सापडला, गुन्हाही दाखल झाला. पण गाडीचा विमा संपलेला. मालकाची तीन एकर जमीन, तीही सोसायटीत गहाण. आणि ठेकेदार म्हणतो, "हा माणूस त्या दिवशी आमच्या कामावर नव्हताच, रस्ता ओलांडत होता." हजेरीपुस्तक मुकादमाकडं, त्यात त्या तारखेचं पानच नाही.

आता हा कामावर होता हे दाखवायचं कसं? कोणी यातून गेलंय का?

सांभारवडी

वाईट झालं. वाचतोय.

दहाचाकी

भाऊ, मी पंधरा वर्षं ट्रक चालवून राहिलो. माझं बोलणं काही जणाईले झोंबन, पण डायव्हरची बाजू बी ऐका.

"काम चालू आहे" हा बोर्ड आमच्या रोडवर कुठी नाई? काम संपून दोन वर्षं झाले तरी बोर्ड उभाच. त्याच्यावर वाढदिवसाचं बॅनर बांधलं राहते. डायव्हर पहिल्या दहा बोर्डाले स्लो करते, अकराव्याले नाई करत. आन् नेमका त्या अकराव्याच्या मांगं माणूस वाकला राहते.

दुसरं, सकाळी नऊपर्यंत पूर्वेकडं तोंड असन तं ऊन सरळ डोळ्यात. काचेवर धूळ. मातीच्या रंगाचा शर्ट, मातीच्या रंगाचा रोड. माणूस दिसत नाई बाप्पा, खरं सांगतो. दिसतो तवा उशीर झाला राहते.

झुणका

@दहाचाकी, "दिसत नाही" म्हणून ८० च्या स्पीडनं जायचं? दिसत नसेल तर हळू जायचं असतं.

दहाचाकी

झुणका, तुमी एकडाव माल घेऊन संध्याकाळपर्यंत नागपूर गाठून पाहा, मंग बोलू.

फळा_खडू

मास्तर आहे, त्यामुळे फळ्यावर मांडल्याशिवाय राहवत नाही. ८० किमी वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ५५ मीटर पुढं गेलेली. रस्ते बांधणारे ८० च्या वेगाला थांबायचं अंतर १२० मीटर धरतात.

आता सांगा, आपल्याकडं कामाच्या किती आधी दगड मांडलेले असतात? मी शाळेत जाताना पावलांनी मोजले होते. चौदा पावलं. तीन दगड आणि एक बाभळीची फांदी.

बुजगावणं

फांदी हिरवी असते तोवर काम ताजं समजायचं. वाळली की काम बंद. आपली सिग्नल यंत्रणा आहे ती, नावं ठेवू नका. (हलके घ्या)

गिट्टी_मुरूम

सार्वजनिक कामांत ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. खातं कुठलं ते सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते.

नियम नाहीत असं नाही. भारतीय रस्ते काँग्रेसची यावर स्वतंत्र पुस्तिका आहे, क्रमांक एसपी-५५. कामाआधी सूचना देणारा पट्टा, मग गाड्या बाजूला वळवणारा, मग प्रत्यक्ष कामाचा, शेवटी पुन्हा मूळ रस्त्यावर आणणारा. दोन्ही टोकांना झेंडीवाला. हे सगळं निविदेत लिहिलेलं असतं.

खड्डे बुजवण्याच्या कामाची मात्र अडचण अशी की काम सरकत असतं. इथं एक खड्डा, दोनशे मीटरवर दुसरा. दर खड्ड्याला कोन मांडा-उचला करायला दोन माणसं जास्त लागतात, आणि त्या दोन माणसांची हजेरी कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते. मी स्वतः अशा अंदाजपत्रकांवर सह्या केल्यात. नाही म्हणून सांगत नाही.

झुणका

निदान कबूल तरी केलंत.

मैलाचा_दगड

माझे बाबा मैलकुली होते. तेव्हा रस्त्याचा ठरावीक तुकडा ठरावीक गँगकडं असायचा. खाकी कपडे, फावडं, घमेलं, लाल झेंडी. येणारा एसटीचा ड्रायव्हर बाबांना नावानं ओळखायचा, कधी मागच्या गावाहून डबा आणून द्यायचा. त्या माणसाला तो उडवेल कसा? आता काम करणारा चिखलदऱ्याहून नाहीतर छत्तीसगडहून आलेला, गाडीवाला हैदराबादचा. कुणी कुणाला ओळखत नाही.

बाबांनाही एकदा लागलं होतं. कापसाच्या ट्रकची बाहेर आलेली बोंदरी खांद्याला लागून पडले, हात मोडला. पण हजेरीपटावर नाव होतं. सुट्टी मिळाली, पगार मिळाला. फरक तिथंच आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी

जुनं ते सोनं वगैरे ठीक, पण तेव्हा गाड्याच किती होत्या? आणि इतकं वाईटही नाही आता. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किमीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीजमध्ये नोंद झाली. आपल्याच विदर्भात.

सांभारवडी

आणि आमच्या गावचा दीड किलोमीटर पाच वर्षांत झाला नाही. त्याचीही नोंद घ्या म्हणा.

अंबाडीची_भाजी

मी आशा वर्कर आहे. पुरुषांचंच चाललंय म्हणून लिहिते.

चारपदरी रस्त्यावर मधल्या पट्टीत कण्हेर आणि बोगनवेल लावतात. त्याला पाणी द्यायला, गवत काढायला बहुतेक बायाच असतात. दोन्हीकडून गाड्या. ट्रक जवळून गेला की पदर त्या वाऱ्यानं ओढला जातो. म्हणून त्या पदर कमरेला खोचून वरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. चमकणारं जाकीट दिलंच तर शर्टावरून बसत नाही, साईज पुरुषांची. एकीनं ते पाठीमागून बाभळीच्या काट्यानं टाचून घेतलेलं मी पाहिलंय.

लेकरं पलीकडं कडुनिंबाच्या झोळीत. लेकरू रडलं की माय बघत नाही उजवीकडं-डावीकडं, सरळ पळते. याला "रस्ता ओलांडत होती" म्हणायचं की "कामावर होती"?

पऱ्हाटी

@अंबाडीची_भाजी, ताई, नेमका हाच शब्दांचा खेळ आमच्याशी चाललाय.

कोरडवाहू

झोपलेल्यांचं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदुऱ्याजवळ वडनेर भोलजीला मेळघाटातले मजूर हायवेच्या कडेला झोपडीत झोपले होते, पहाटे ट्रक त्यांच्यावर गेला. कामासाठी आणलेली माणसं, राहायची सोय रस्त्याच्या कडेलाच. ती कामावर होती की नव्हती?

नागपुरी_ऊन

उन्हाळ्यात तर टिप्परच्या सावलीत झोपतात. ४५ डिग्रीला दुसरी सावली कुठं? ड्रायव्हरही झोपेतून उठतो, रिव्हर्स टाकतो. खाली कोण आहे बघतच नाही.

वावराचा_धुरा

सगळं ठेकेदारावर ढकलून राहिले. आपुन काय करतो? सोयाबीन आलं की अर्धा रोड ताडपत्रीनं अडवून टाकतो. चारी बाजूनं दगड. रात्री दगड तसेच. मागच्या दिवाळीत आमच्या गावचा एक जण सोयाबीनच्या कुटाराजवळ... जाऊ द्या, सणासुदीचं कशाले बोलू.

बळीचा_पोर

वा! खळं करायला जागा द्या, वाळवायला ओटा द्या, मग बोला. शेतकरी हौस म्हणून रस्त्यावर बसतो का?

वावराचा_धुरा

मी बी शेतकरीच आहे बावा. दगड तं उचला म्हनलं फक्त.

झुणका

धागा सोयाबीनवर चालला. पऱ्हाटींचा प्रश्न राहिला बाजूला.

काळाकोट

उशिरा आलो, तारखा होत्या. वकील आहे, अशा केसेस करतो. कागद बघितल्याशिवाय हा सल्ला अंतिम समजू नका.

पऱ्हाटी, तुमच्यासमोर दोन वाटा आहेत, पण चालायचं एकाच वाटेनं. मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ सांगतं की दोन्हीकडं भरपाई मागता येत नाही, एक निवडा.

पहिली वाट मोटार अपघात न्यायाधिकरणाची. इथं तो कामावर होता की नाही याचा संबंध नाही. पिकअपचा निष्काळजीपणा दाखवायचा. वय ३८ म्हणून गुणक १५. उत्पन्न १२,००० धरलं, भविष्यातली वाढ ४० टक्के, तर वर्षाचे २,०१,६०० होतात. पंधरानं गुणलं की ३०,२४,०००. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं धरलं तर १२,०९,६००, शिवाय उपचार, वेदना वगैरे. आकडा मोठा. पण विमा नसल्यानं तो देणार पिकअपचा मालक, म्हणजे ती गहाण पडलेली तीन एकर. मुदत अपघातापासून सहा महिने. तुमच्या हातात दोन उरलेत.

दुसरी वाट एप्रिलच्या या अपघाताला लागू होणाऱ्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची. मुदत दोन वर्षं. हिशेब असा: पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००, गुणिले ३८ वयाचा घटक १८९.५६, म्हणजे १३,६४,८३२. त्याच्या ४० टक्के ५,४५,९३३. आकडा निम्म्याहून कमी, पण देणारा ठेकेदार, आणि बहुतेक वेळा त्याच्यामागं मजुरांची विमा पॉलिसी असते. शिवाय कलम १२ खाली ज्या खात्यानं काम दिलं त्यालाही पक्षकार करता येतं. इथं गाडी कुणाची, चूक कुणाची, हे महत्त्वाचं नाही. कामावर होता, कामामुळं लागलं, एवढं दाखवायचं. म्हणूनच ठेकेदार "कामावर नव्हताच" म्हणतोय. त्याला हिशेब तुमच्याआधी कळलाय.

आणखी एक. डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देतील तो पायाचा टक्का असेल. कमाईचा टक्का वेगळा. बसून काम करणाऱ्याचा आणि डांबर टाकणाऱ्याचा पाय कागदावर सारखाच मोडतो, पण कमाई सारखी बुडत नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे नीट समजावून सांगितलंय. दाखला घेताना तो कोणतं काम करत होता हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दहाचाकी

गाडी पळून गेली असती तं?

काळाकोट

मग मोटार वाहन कायद्याखालची हिट अँड रन योजना. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तहसील किंवा एसडीओ कार्यालयात. लोक पोलीस ठाण्यातच घुटमळत राहतात, तहसीलला जातच नाहीत.

अंबाडीची_भाजी

आणि बांधकाम कामगारांचं कार्ड? त्यावर काही मिळत नाही का?

कोरडवाहू

कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख. अपंगत्वाला ७५ टक्के लागतात, यांना बसणार नाही बहुतेक. आणि कार्ड चालू हवं. नोंदणीचा १ रुपया, पण दरवर्षी ९० दिवस काम केल्याचा दाखला आणायचा. तो दाखला देणारा कोण? बहुतेक वेळा तोच ठेकेदार.

बुजगावणं

आमच्या गावात कार्डावर पेट्या आल्या, हेल्मेट आलं, बूट आले, भांडी आली. हेल्मेटं सध्या कोंबडीच्या पिलांवर झाकायला वापरतात. घारीपासून शंभर टक्के संरक्षण. (हे खरंच आहे, फोटो देऊ शकतो.)

पऱ्हाटी

भावाचं कार्ड होतं, नूतनीकरण राहिलं. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा सुरक्षा विमाही आहे, पण त्यात हात, पाय किंवा डोळा जायला लागतो. याचा पाय गेला नाही, नुसता कामातून गेला.

नागपुरी_ऊन

केंद्राची दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आहे ना?

कोरडवाहू

ती मे २०२५ मध्ये लागू झाली. यांचा अपघात एप्रिलचा. नशीब बघा.

गिट्टी_मुरूम

पऱ्हाटी, कालपासून तुमच्याच प्रश्नावर डोकं चालवतोय. हजेरीपुस्तकाचा नाद सोडा, ते कधीही बनवून मिळेल. दुसरीकडं बघा.

हल्ली रोजच्या कामाचे फोटो खात्याच्या ग्रुपवर टाकावे लागतात. साधे नाही, जीपीएस कॅमेऱ्याचे. खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश छापून येतं. सकाळी काम सुरू झालं की मुकादम किंवा सुपरवायझर पहिला फोटो काढतो, सगळ्यांना जाकिटं घालून. बिलाला तेच फोटो जोडतात. फोटो काढून झाला की जाकिटं परत गाडीत जातात, घामानं खराब होतात म्हणून. हे सर्रास चालतं, मी पाहिलंय.

त्या दिवसाचा सकाळचा फोटो कुठं ना कुठं आहे. बिल काढायचं असेल तर ठेकेदार तो पुसणार नाही.

काळाकोट

@गिट्टी_मुरूम, साहेब, हा प्रतिसाद फीच्या लायकीचा आहे.

फळा_खडू

व्वा. म्हणजे ज्या फोटोत सुरक्षा दिसते त्याच फोटोनं सुरक्षा नव्हती हे सिद्ध होणार.

पऱ्हाटी (१७ ऑगस्ट)

मुकादमाकडं जाऊन आलो. तो आमच्याच पंचक्रोशीतला, त्याची बायको भावाच्या बायकोची मैतरीण. आधी म्हणाला, "मले काई माहीत नाई." मग चहा झाला. मग म्हणाला, "मी देऊ शकत नाई दादा, पुढच्या हंगामात काम कोन देईन मले?" मी गप्प बसलो. थोड्या वेळानं त्यानं फोन चार्जिंगला लावला आणि म्हणाला, "मी पान खाऊन येतो. लॉक नाई लावत मी."

फोटो आहे. तारीख तीच, वेळ ७ वाजून ४२ मिनिटं. आठ जण ओळीनं उभे, सगळ्यांच्या अंगात पिवळी जाकिटं, नवीकोरी. भाऊ डावीकडून तिसरा. हातात तारेचा ब्रश. मागं मैलाचा दगड दिसतो, त्यावरचा आकडा वाचता येतो.

पंचनाम्यात मात्र लिहिलंय, अंगात फुल बाह्यांचा राखाडी शर्ट. जाकिटाचा उल्लेख नाही.

मी फोटो माझ्या फोनवर घेतला नाही. घ्यायला हवा होता का? हात चालला नाही. तो माणूस पान खायला गेला होता, मी त्याच्या घरात एकटा बसलो होतो.

झुणका

अहो! तेवढा तरी घ्यायचा!

दहाचाकी

नाई घेतला ते बरं केलं. उद्या त्याच्यावर आलं असतं.

काळाकोट

घेतला नाहीत ते कायद्याच्या नजरेतूनही फारसं बिघडलं नाही. फोनमधून फोनमध्ये आलेला फोटो कोर्टात टिकवायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. ते शेवटी मुकादमाकडूनच घ्यावं लागलं असतं. आता फोटो आहे हे पक्कं कळलं. तो बिलाला जोडलेला असेल तर माहितीच्या अधिकारात मागा. प्रमाणित प्रत सरळ खात्याकडून येईल, मुकादमाचं नाव कुठंच येणार नाही. आणि दावा थांबवू नका, अर्ज तयार करायला घ्या.

गिट्टी_मुरूम

मागताना नेमकं मागा. "सर्व कागदपत्रं द्या" लिहिलं की उत्तर येतं, माहिती विस्तृत आहे, येऊन पाहून जा. कामाचं नाव, करारनामा क्रमांक, त्या दिवसाचे जिओटॅग फोटो, त्या महिन्याच्या मोजमाप पुस्तिकेची पानं, आणि मजूर विम्याच्या पॉलिसीची प्रत. एवढंच. करारनामा क्रमांक रस्त्यावरच्या फलकावर असेल.

बुजगावणं

फलक असेल तर.

पऱ्हाटी (२३ ऑगस्ट)

फलक आहे. अर्धा वाकलेला, कुठल्या तरी गाडीनं ठोकलेला. आकडा वाचायला खाली बसून मान वाकडी करावी लागली. भाऊ सोबत होता, तो उभा राहून मोबाईलचा टॉर्च दाखवत होता. मी रस्त्याकडं पाठ करून बसलेलो, आणि तो एकसारखा म्हणत होता, "लवकर कर, गाडी येऊन राहिली."

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तहसीलसमोर मिळाला नाही, संपले म्हणे. उद्या रविवार. सोमवारी सकाळच्या एसटीनं वर्ध्याला जातो. काळाकोट साहेब, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

काळाकोट

पाहिला. सोमवारी अकरानंतर या. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड विसरू नका.